निवू द्या

सरांच्या खोलीच्या दारावर पाटी होती: 'आत आहे. घाईत असाल तर नाही.' पुण्यात पाट्यांना तोटा नाही, आणि यवतमाळहून पीएच.डी.ला आलेल्या मुलीचं त्या वाचून हसणं पहिल्या महिन्याभरातच संपलेलं असतं. मी दार ढकलून आत गेले. सर टेबलामागे बसले होते. समोर चहाचा कप होता आणि त्यावर नुकती साय धरायला लागली होती. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला, कपाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "निवू द्या."

मी उभी राहिले. चहा निवत होता. खिडकीबाहेर माळी झाडांना पाणी घालत होता, तो एक वाफा संपवून दुसऱ्याकडे गेला. मग सर तो गार चहा सायीसकट एका दमात प्यायले, कप बाजूला सारला आणि विचारलं, "कुठून आलात?"

"यवतमाळ."

"बसा, यवतमाळ."

त्या दिवसापासून प्रयोगशाळेत माझं तेच नाव पडलं. माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा तो हडपसर. सरांना माणसांची नावं लक्षात राहत नसत असं नाही, पण त्यांचं म्हणणं होतं की नावं आईबापांनी हौसेनं ठेवलेली असतात, गाव मात्र खरं असतं. पुढे हडपसरचाच आणखी एक मुलगा आला. पंचाईत झाली. त्याचं घर जरा पुढे, मांजरी गावाच्या बाजूला होतं, म्हणून सरांनी त्याला 'मांजरी' करून टाकलं. सहा फुटी, दाढीवाला मुलगा होता बिचारा. कॉरिडॉरमधून "मांजरी, जरा इकडे या" अशी हाक आली की नवीन माणसं खाली वाकून बघायची.

आमचा विषय काय होता ते सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय सर कळायचे नाहीत. एखाद्या पदार्थाचा स्फटिक घ्यायचा आणि जबरदस्त चुंबकात ठेवायचा. त्यातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना रेडिओलहरींचा एक धक्का द्यायचा. ती केंद्रं खवळतात आणि मग हळूहळू शांत होतात. शांत व्हायला किती वेळ लागला, तेवढं मोजायचं. हा वेळ आतले रेणू कसे हलतात त्यावर ठरतो. कपाटातली डांबराची गोळी बघा. दिसायला दगडासारखी गप्प, पण आतले रेणू जागच्या जागी कूस बदलत असतात. काही पदार्थांत भराभर, काहींत इतके सावकाश की विचारू नका. सरांना सावकाशवाले आवडायचे.

या शांत होण्याला मराठी पुस्तकांत 'शिथिलन' म्हणतात. तो शब्द सरांसमोर काढायची सोय नव्हती. "शिथिल होते ती लेंग्याची नाडी," ते म्हणायचे. "दूध निवतं, डोकं निवतं, तशी केंद्रं निवतात. घरात शब्द असताना शेजारी कशाला मागायला जाता?" मला तो पुणेरी तिरकसपणा वाटला होता. पुढे विषय डोक्यात शिरल्यावर लक्षात आलं की शब्द अगदी नेमका आहे. धक्का दिलेली केंद्रं खरोखरच तापलेली असतात आणि आपली उष्णता आजूबाजूच्या स्फटिकाला देऊन टाकतात. कपातल्या चहाचं याहून वेगळं काही होत नाही.

आणि मग तो पाचपटीचा नियम. एकदा धक्का दिला की केंद्रं पुरती निवेपर्यंत दुसरा द्यायचा नाही. पुरती म्हणजे, बरीचशी निवायला जो काळ लागतो त्याच्या पाचपट थांबायचं. आधीच धक्का दिलात तर अर्धवट तापलेल्याला पुन्हा तापवता आणि आकडा चुकतो. चुकलेला आकडा ओबडधोबड आला असता तर कुणालाही कळला असता. तो छान, गुळगुळीत येतो, रेषेवर शहाण्यासारखा जाऊन बसतो. सगळी गोम तिथेच आहे.

हा नियम जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत पाळतात. तो घेऊन रस्त्यावर उतरणारे मात्र आमचे सर एकटेच असावेत.

एकदा काचेच्या नळ्या आणायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. स्वारगेटच्या चौकात सिग्नल हिरवा झाला, माणसं पळाली, मीही निघाले, सर जागचे हलले नाहीत. मी अर्ध्यातून परत आले. पुन्हा लाल, पुन्हा हिरवा. मग म्हणाले, "आता चला. पहिला हिरवा घाईवाल्यांचा असतो." फोनवरही तेच. 'हॅलो' म्हणून ते थांबायचे. पलीकडच्याला वाटायचं फोन कटला. क्रेडिट कार्ड विकणारी एक मुलगी एकदा त्यांच्या शांततेत सापडली आणि शेवटी स्वतःच "सॉरी सर, काही नाही" म्हणाली. व्याख्यानात कुणी प्रश्न विचारला की ते उत्तराआधी इतके थांबत की प्रश्न विचारणारा आपला प्रश्न मनात तपासून पाहायचा आणि पुष्कळदा मागे घ्यायचा.

लग्नकार्यांना सर पोचायचे तेव्हा खुर्च्या उचलायला सुरुवात झालेली असायची. हडपसरच्या बहिणीच्या लग्नात ते आले ते थेट पाठवणीला. हडपसर म्हणाला, "आले हेच लई हाय."

त्यांच्या खोलीत खिडकीशी एक खुर्ची होती. तिला नाव होतं निवायची खुर्ची. कुणी रागावून, रडवेलं होऊन किंवा फार आनंदात आत आलं, की सर बोट दाखवायचे. आनंदाचीही सुटका नव्हती. मांजरीचा पहिला पेपर स्वीकारला गेला तेव्हा तो नाचत आला, त्याला तिथे बसवलं. बसून बसून त्याला पेपरातली एक चूक आठवली. सर म्हणाले, "बघा. उभं राहून आठवली नसती."

सरांचं लहानपण खडकीला गेलं, फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. सर एकदा म्हणाले, "आमचं घर भोंग्यावर चालायचं. भोंगा झाला की वडील हातातला घास ताटात टाकून निघायचे. आई ते ताट झाकून ठेवायची आणि संध्याकाळी तेच वाढायची." त्यांच्या घाईवरच्या रागाचं मूळ तिथे असावं, असं मी तेव्हा ठरवून टाकलं होतं. माणसाचा एक धागा हाती लागला की आपण तोच ओढत बसतो.

सर यायच्या आधी त्यांचा वास यायचा. जपून ठेवलेल्या पैठणीला येतो तो, डांबरगोळीचा. त्याला कारण त्यांच्या घरातली कपाटं नव्हती, तर कपाटावरचा डबा. सर स्फटिक घरी बनवायचे. प्रयोगशाळेत त्यासाठी चांगली भट्टी होती, पण तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. हवा काढून बंद केलेल्या नळीत पदार्थ वितळवायचा, नळी कढत पाण्याच्या मोठ्या डब्यात उभी करायची, डबा गोधड्यांत गुंडाळायचा आणि विसरून जायचं. जितकं सावकाश निवेल तितका स्फटिक एकसंध.

माझ्या पदार्थाचा स्फटिक न्यायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा दार सरांच्या बायकोनं, काकूंनी उघडलं. सरांच्या अगदी उलट बाई. बोलणं भरभर, चालणं भरभर, चहा फुर्रकन पिऊन कप विसळून पालथासुद्धा घातलेला.

"ये गं. तोच डबा न्यायला आलीस ना? बाळंतिणीला मिळाली नसतील इतकी पांघरुणं मिळालीत त्याला. थंडीत मी कुडकुडत झोपते आणि ह्यांची नळी गोधडीत."

सर स्टुलावर चढून डबा काढत होते. "सावकाश," ते स्वतःलाच म्हणाले.

"सावकाशच! दुसरं काय येतं तुम्हाला?" काकू माझ्याकडे वळल्या. "तुला सांगते, हा माणूस आयुष्यात एकदाच वेळेवर आला. लग्नाला. मुहूर्ताच्या चांगला तासभर आधी कार्यालयात हजर! आधीच्या लग्नातली माणसं अजून आइस्क्रीम खात होती. माझे बाबा म्हणाले, मुलगा वक्तशीर आहे हो. मीही म्हटलं, वा! दुसऱ्या दिवसापासून जे वाट बघायला लागले ते आजतागायत. पण खरं सांगू का, त्या एका दिवसावर बाकीचं सगळं चालवून घेतलं मी. वाटतं, माझ्यासाठी एकदा का होईना, पळाला होता हा माणूस."

काकू हसत हसत बोलत होत्या, पण हे वाक्य त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. सर तेव्हा डब्यावरची गोधडी सारखी करत होते. ती आधीच सारखी होती.

आता माझ्या पदार्थाविषयी. डांबरगोळीच्याच गोतावळ्यातला तो एक स्फटिक होता. नाव सांगत नाही, ते उच्चारून होईपर्यंत तुमचा चहा निवेल. याच पदार्थावर सरांनी तरुणपणी एक पेपर लिहिला होता. रेणूला कूस बदलायला किती जोर लागतो, त्याचा आकडा त्यात होता. पेपर गाजला. आकडा पुस्तकांत गेला, दुसऱ्या देशांतली माणसंही तो धरून चालायला लागली. सरांच्या नावाशी लोक तो आकडा जोडत, एखाद्या गवयाच्या नावाशी त्याचा राग जोडतात तसा.

मला पदार्थ देताना सरांनी अट घातली, "माझा जुना पेपर वाचायचा नाही. आकडा आधी पाहिला की नजर तिकडेच पळते." मी अर्थातच त्याच आठवड्यात वाचला. सगळेच वाचायचे.

मोजायला लागले आणि माझा आकडा जुळेना. रेणूला कूस बदलायला सर म्हणत होते त्याहून बराच जास्त जोर लागत होता. स्फटिक थंड करत गेलं की केंद्रांना निवायला फार वेळ लागतो, तिथे तर फरक डोळ्यांत भरण्याइतका. मी घाबरले. सरांचा आकडा चुकेल असं मनातसुद्धा आलं नाही. विद्यार्थ्याचं आणि गुरूचं जुळलं नाही तर चूक कुणाची, हे आपल्याकडे मोजमापाआधीच ठरलेलं असतं. मी नळी बदलली, नवीन स्फटिक केला, तपमान मोजायची तार बदलली. आकडा तिथेच.

भीत भीत आलेख सरांपुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. म्हणाले, "परत करा. दुप्पट थांबा."

म्हणजे पाचपटीच्या जागी दहापट. स्फटिक थंड असतानाचा एकेक बिंदू घ्यायला अख्खा दिवस जायला लागला. केलं. आकडा हलला नाही. सरांनी आलेख पाहिला आणि म्हणाले, "परत करा. दुसरा स्फटिक घ्या." केलं. "परत करा. आता दुसऱ्या चुंबकात." तेही केलं. कारण ते सांगत नव्हते आणि विचारायची माझी छाती नव्हती.

इकडे मुदत संपत आली होती. हडपसरला एका औषध कंपनीत मला नोकरी मिळत होती, तिथे गोळ्यांमधले स्फटिक तपासायला हाच विषय येणारा माणूस हवा होता. पण पदवी हातात असल्याशिवाय ते रुजू करून घेणार नव्हते, आणि दिवाळीनंतर थांबणार नव्हते. शिष्यवृत्ती संपली होती. यवतमाळात बाबांनी अख्ख्या आळीला सांगून टाकलं होतं की पोरगी दिवाळीला डॉक्टर होऊन येते. माझं सगळं त्या एका आकड्यावर अडलं होतं, आणि सर "परत करा" म्हणत होते.

"तुला एवढं साधं कळंना होय?" हडपसर कॅन्टीनमध्ये म्हणाला. "आकडा जुळल्याशिवाय म्हातारा सोडत नसतो. इगो हाय त्यात. तू असं कर, रेषा फिट करताना खालचे, थंडीतले दोन-तीन पॉइंट ड्रॉप कर. बसतंय बघ मॅच. सर खूश, तू डॉक्टर. कोण बघायला येतंय?"

मी त्याला शिव्या दिल्या. पण रात्री खोलीवर पडल्या पडल्या ते करून पाहिलं, फक्त पाहायला. खरंच जुळत होतं. ते इतकं सोपं होतं याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी मी पाटी-बिटी न वाचता आत शिरले. पुण्यात राहून कमावलेली सगळी प्रमाण भाषा दारातच गळून पडली.

"सर, माहा आकडा तुमच्याशी जुळत नसन तं तसं सांगून द्या नं एकदाचं! काहून रोज फिरवून राहिले मले? मी काही खोटं लिहिणार नाही. आनं तुमचा आकडा येईपर्यंत मोजत बी बसणार नाही. माही नोकरी जाते इथं!"

सरांनी खिडकीकडे बोट दाखवलं. मी तणतणत जाऊन त्या खुर्चीत बसले. रडू येत होतं, आलं. सर आपल्या चहाकडे बघत होते. शेवटी माझं नाक पुसून झालं आणि आपण काय बोलून बसलो त्याची लाज वाटायला लागली, तेव्हा ते बोलले.

"यवतमाळ, तुमचा आकडा माझ्याशी जुळला असता, तर एकदा मोजलेलं पुरे होतं."

मला कळलं नाही. तसं तोंडावर दिसलं असणार.

"जुळणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. तुमचा जुळत नाही. आता तुम्हाला सगळे विचारणार. दहा जणांनी दहा बाजूंनी ढकललं तरी हलायला नको, म्हणून परत करायला लावतोय." मग त्यांनी शेवटचा आलेख पुढे ओढला. चारही वेळचे बिंदू त्यावर एका ठिकाणी बसले होते. "निवलाय. लिहायला घ्या."

मी खुर्चीतून उठले आणि आलेख उचलला. हा माणूस मला आवडतो, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर परत त्या खुर्चीत बसवलं असतं.

प्रबंध लिहिताना मात्र एक जागा अडली. दोन आकड्यांत फरक का, याचं कारण द्यायला हवं होतं. मी अदबीनं लिहिलं होतं की 'मोजमापाच्या परिस्थितीतील भिन्नतेमुळे फरक पडला असावा.' सरांनी ते वाक्य खोडलं.

"हे तुम्ही मोजलंय का?"

"नाही सर. पण काहीतरी लिहायला पाहिजे."

"न मोजलेलं लिहू नका. माझा आकडा लिहा, तुमचा लिहा. पुढे पूर्णविराम."

"आणि कारण विचारलं तर?"

सर थांबले. मी पाचपट थांबले, दहापट थांबले. त्यांनी चहा उचलला, तो निवलेला होता, प्यायले आणि दुसऱ्या पानाकडे वळले. मला वाटलं, त्यांनाही माहीत नाही.

दिवाळी पंधरवड्यावर आली असताना माझी तोंडी परीक्षा झाली. तोंडी परीक्षा खुली असते, सभागृहात कुणीही येऊन बसतं. आमच्याकडे त्या दिवशी काकूही यायच्या. प्रत्येक विद्यार्थ्याच्या परीक्षेला त्या सुरळीच्या वड्या करून आणायच्या आणि शेवटच्या रांगेत डबा मांडीवर घेऊन बसायच्या. विषय त्यांना कळत नसे, पण कोण नापास व्हायच्या बेतात आहे ते चेहऱ्यावरून कळतं, असं त्या सांगायच्या. बाहेरचे परीक्षक मुंबईहून आले होते. उंच, वाळलेले, गोड आवाजाचे गृहस्थ. गोड आवाजाच्या परीक्षकांना जपून असावं, हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

अर्धा तास ठीक गेला. मग त्यांनी चष्मा काढला.

"बाई, आपल्या मार्गदर्शकांचा आकडा आम्ही सगळे विद्यार्थी असल्यापासून वापरतो. आपण म्हणता तो चूक आहे."

"मी तसं म्हटलेलं नाही सर. मी दोन्ही आकडे—"

"शेजारी शेजारी मांडलेत. पाहिलं मी. मोठी सभ्य मांडणी आहे. पण रेणू एक आहे, त्याला दोन आकडे असू शकत नाहीत. फरक का पडला?"

"माझा आकडा मी चार वेळा तपासलाय."

"तो आपला झाला. त्यांचा का चुकला, हे सांगितल्याशिवाय आपला बरोबर कसा मानायचा? हे तर आपल्याला पुन्हा पाहावं लागेल. दोन-तीन महिने घ्या, कारण शोधा, प्रबंध सुधारून पाठवा. काय घाई आहे?"

सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली. दोन-तीन महिने म्हणजे नोकरी गेली. मला बाबांचा चेहरा दिसला, मागे आळीतल्या सगळ्यांचे दिसले. कारण मला खरंच माहीत नव्हतं. मार्गदर्शकानं तोंडी परीक्षेत मध्ये बोलायचं नसतं, हा नियम, आणि सर तर नियम नसतानाही बोलत नसत. तरी मी त्यांच्याकडे पाहिलं. सर खाली बघत होते. हा माणूस आता पाचपट थांबणार आणि तोवर माझं सगळं संपलेलं असणार, हे मला दिसत होतं. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला.

सर उभे राहिले.

"मी थांबलो नव्हतो," ते म्हणाले.

परीक्षकांना कळेना. "म्हणजे?"

"थंडीतले शेवटचे बिंदू घेताना पाचपट थांबायला हवं होतं. मी दीडपटही थांबलो नाही. चुंबक दुसरीकडचं होतं, मला त्या दिवसापुरतंच मिळालं होतं. वेळ कमी पडत होता, म्हणून थांबायचं कमी केलं. बिंदू रेषेवर छान बसले. तुम्ही आज मुलीला जे कारण विचारताय ते एवढंच आहे. तिला ते माहीत असायचं कारण नाही."

"पण सर, नंतर आपण परत मोजू शकला असता."

"पेपर लोकांना आवडला. मग परत मोजायला वेळ नाही असं मी म्हणत आलो." सर थोडं थांबले. "वेळ होता. म्हणून शेवटी हा पदार्थ हिला दिला. ही थांबेल असं वाटलं."

परीक्षकांचा गोडवा उतरला होता, आणि आता ते खरोखरच उत्सुकतेनं विचारत होते. "आपल्याला आम्ही सगळे वाट बघणारा माणूस म्हणून ओळखतो. त्या दिवशी एवढी कसली घाई होती?"

सरांनी मागच्या रांगेकडे पाहिलं.

"लग्न होतं."

"कुणाचं?"

"माझं. संध्याकाळचा मुहूर्त होता."

हशा असा उसळला की सभागृहाबाहेरचा शिपाई आत डोकावला. परीक्षक टेबलावर हात आपटून हसले, हडपसर आणि मांजरी एकमेकांच्या अंगावर पडले. मीही हसले, अर्धी रडत. मागच्या रांगेत काकू मात्र हसत नव्हत्या. डबा मांडीवर घट्ट धरून त्या सरांकडे बघत होत्या.

मला पदवी मिळाली. परीक्षकांनी प्रबंधाला हात लावला नाही, उलट सरांनी जे सांगितलं ते एका ओळीची टीप म्हणून घालायला सांगितलं. दिवाळीनंतर मी हडपसरला रुजू झाले, अजून तिथेच आहे. पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांतून सरांचा आकडा गेला आणि माझा आला. तो माझ्या नावाशी कुणी जोडत नाही, आणि ते ठीकच आहे.

पण मला सांगायचंय ते त्याच दुपारचं. बाहेर व्हरांड्यात चहा मांडला होता. लोक माझं अभिनंदन करत होते आणि सरांपासून जरा लांब उभे होते. ज्यानं स्वतःचं नाव स्वतः खोडलं त्याच्याशी काय बोलायचं, हे कुणालाच सुचत नव्हतं. काकू आल्या. त्यांनी वड्यांचा डबा माझ्या हातात दिला, किटलीतला चहा एका कपात ओतला आणि तो हातात धरूनच सरांसमोर उभ्या राहिल्या.

"म्हणजे एकदाच वेळेवर आलात," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि इतकी वर्षं ज्याला त्याला मी तेच सांगत बसले. नेमकी तीच चूक निघाली की हो."

सर आता थांबतील, असं मला वाटलं. आम्हा सगळ्यांनाच वाटलं. मांजरीनं तर वडी तोंडात घालायची राहू दिली. सर थांबले नाहीत.

"चूक आकड्यात होती," ते म्हणाले.

आणि काकूंच्या हातातला कप घेऊन त्यांनी तसाच, वाफाळता, तोंडाला लावला. जीभ चांगलीच भाजली असणार, पण बोलले नाहीत.